बटणे की काच?

आपल्याकडे अंगठा म्हटला की निरक्षरता आठवते. ज्याला सही करता येत नाही, तो अंगठा उठवतो. त्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणतो. पण याच अंगठ्याला लेखणीचे काम देऊन एक कारखाना जगभर गाजला, आणि पुढे अंगठ्याच्या त्याच सवयीपायी अडचणीत आला. आज त्याची हकीकत सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, परदेशातल्या फोनवाल्यांशी आम्हांला काय करायचंय? पण जुनं गिऱ्हाईक सांभाळावं की नव्याला बोलवावं, हा पेच आठवडी बाजारातल्या दुकानदारालाही चुकलेला नाही.

कॅनडा देशात, ऑन्टॅरिओ प्रांतात वॉटर्लू नावाचे शहर आहे. तेथे १९८४ साली माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन तरुणांनी 'रिसर्च इन मोशन' ही कंपनी काढली. व्यापाराची बाजू पाहण्यासाठी १९९२ मध्ये जिम बाल्सिली त्यांना येऊन मिळाले. १९९९ साली त्यांनी 'ब्लॅकबेरी' नावाचे एक लहानसे यंत्र बाजारात आणले. त्यावर बोलता येत नव्हते. पण चालता चालता ई-मेल वाचता येई आणि उत्तरही धाडता येई. २००२ पासून त्यात बोलण्याची सोय झाली.

या यंत्राची खरी करामत होती त्याच्या बटणांत. बटणे बारीक, पण अशी बसवलेली की दोन अंगठ्यांनी भराभर लिहिता यावे. पेटी वाजवणारा जसा पट्ट्यांकडे न बघता वाजवतो, तसे सवयीचे लोक बटणांकडे न बघता लिहीत. वकील, व्यापारी, सरकारी अधिकारी यांचा जीव त्या यंत्रावर जडला. २००९ साली बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनीही सुरक्षेचा खास बंदोबस्त करवून घेऊन आपला ब्लॅकबेरी जवळच ठेवला.

मग २००७ साल उजाडले. ॲपल कंपनीने आयफोन आणला. त्याच्या तोंडावर बटणांची रांगच नव्हती; होती नुसती काच. बटणावर जे अक्षर छापले, ते कायमचे. काचेवर मात्र घटकेत इंग्रजी अक्षरे, घटकेत आपली बाराखडी उमटवता येते; आणि लिहायचे नसेल तेव्हा सगळी काच चित्राला मोकळी! पुढच्याच वर्षी आयफोनसाठी बाहेरच्या कारागिरांनी रचलेल्या ॲप्सची पेठ उघडली, आणि गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवरचे फोनही आले. फोन आता खिशातला संगणकच झाला.

वॉटर्लूच्या मंडळींना हे दिसले नाही का? दिसले. पण त्यांची गिऱ्हाइके तेव्हाही वाढतच होती. २००७ मध्ये ती सुमारे ८० लाख होती, ती २०१२ पर्यंत ८ कोटींच्या घरात गेली. विहिरीला पाणी भरपूर असताना झरा आटू लागल्याचे कोणाच्या ध्यानात येते?

२००८ च्या नोव्हेंबरात त्यांनी 'स्टॉर्म' हा काचेचा फोन काढला. त्यात मोठी गंमत होती. जुन्या गिऱ्हाइकाला बटण दाबल्यासारखे वाटावे, म्हणून सगळी काचच दाबली जाईल अशी योजना केली होती! तक्रारी आल्या, पुष्कळ यंत्रे परत आली. २०१० मध्ये 'टॉर्च' आला. त्यात वर काच आणि खालून सरकून बाहेर येणारी बटणे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अवस्था!

खरी अडचण यंत्राच्या पोटात होती. आतली प्रणाली जुनी. नव्या ॲप्सचा भार तिला पेलेना. म्हणून २०१० मध्ये क्यूएनएक्स ही कंपनी विकत घेऊन नवी प्रणाली रचायला घेतली. ती तयार होऊन फोनमध्ये यायला २०१३ चा जानेवारी उजाडला. आता कंपनीने नावही ब्लॅकबेरी असेच घेतले. काचेचा 'झेड-१०' आधी आला. जुने लोक ज्याची वाट पाहत होते तो बटणांचा 'क्यू-१०' सुमारे तीन महिन्यांनी. नव्या गिऱ्हाइकांनी 'झेड-१०' फारसा घेतला नाही, आणि जुन्यांना थांबावे लागले. त्याच सप्टेंबरात एका तिमाहीचा तोटा निघाला सुमारे ९६ कोटी ५० लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा न खपलेल्या 'झेड-१०'चा. ४,५०० माणसांची नोकरी जाणार, असे जाहीर झाले. एवढी घरे हादरली, हे आकड्याआड विसरू नका.

२०१४ च्या अखेरीस 'क्लासिक' फोनात जुनी बटणे मानाने परत आणली. पण तोवर बाजार उठला होता. २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन घडवणे थांबवले, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी तिच्या जुन्या प्रणालींवरील फोनांची सेवा बंद केली. कंपनी मात्र बुडाली नाही. संगणक-सुरक्षा आणि मोटारींत चालणारी क्यूएनएक्स प्रणाली यांवर तिने आपला संसार पुन्हा मांडला.

मग चूक कोणाची? जुन्या गिऱ्हाइकाची तर नव्हेच. त्याला हवी होती लिहिण्यातली सफाई आणि निरोप पोचण्याची खात्री. कंपनीने त्याची माया बटणांवर आहे असे धरले, आणि बटणे की काच या वादात आतल्या प्रणालीला उशीर झाला. शिक्षक बंधुभगिनींना हे लगेच पटेल. बोरू गेला, टाक गेला, दौत गेली. पण चांगला मास्तर अडून राहिला नाही. कारण तो बोरू शिकवीत नव्हता, अक्षर शिकवीत होता. आपल्या धंद्यातले अक्षर कोणते आणि बोरू कोणता, हे हातात सवड आहे तोवर ओळखावे, एवढेच आज सांगायचे होते.