दडलेले आकडे : घोड्याच्या भोवऱ्यापासून मोबाइलमधल्या लढतीपर्यंत

वरणगावात तत्त्वज्ञानावर बोलायला बोलावलं आणि आम्ही विषय काढला मोबाइलच्या खेळाचा, म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्यात. त्या आम्हाला इथून दिसतायत. थोडा धीर धरा.

झालं असं, की आमच्या घरात सातवीतला एक नातू आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो 'पोकेमॉन गो' खेळत बसला होता. एकेक प्राणी पकडायचा, त्याच्याकडे दोन सेकंद बघायचा आणि सोडून द्यायचा. आम्ही विचारलं, "का रे, चांगला तर दिसतोय." तो म्हणाला, "आबा, वरून सगळे सारखेच दिसतात. आतले आकडे बघायचे असतात." हे वाक्य आम्हाला झोपू देईना. वरून सारखे आणि आतून वेगळे, हा तर आमच्या शास्त्राचा अडीच हजार वर्षं जुना प्रश्न!

आधी हे आतले आकडे म्हणजे काय ते सांगतो. हा खेळ मूळचा जपानचा. सातोशी ताजिरी नावाच्या गृहस्थांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. त्यातून ही कल्पना निघाली आणि फेब्रुवारी १९९६मध्ये पहिला खेळ बाजारात आला. त्या पहिल्या खेळापासूनच प्रत्येक प्राण्याच्या पोटात काही आकडे जन्मतःच ठेवलेले असत आणि खेळणाऱ्याला ते दाखवत नसत. पुढे २०१६च्या जुलैत 'पोकेमॉन गो' आला, डिसेंबरात भारतातही आला. त्यात हे आकडे तीन : हल्ला, बचाव आणि दम. प्रत्येक शून्य ते पंधरा. म्हणजे सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, एकाच जातीचा प्राणी ४०९६ प्रकारचा असू शकतो.

सुरुवातीला हे आकडे दिसत नव्हते. मग मुलांनी काय केलं? दिसणाऱ्या गोष्टींवरून न दिसणारं काढलं. प्राण्याची एकूण ताकद दिसते, त्याचं आयुष्य दिसतं, त्याला वाढवायला किती खर्च येतो ते दिसतं. या तिन्हींवरून उलटं गणित मांडून आतले आकडे शोधले. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात, आणि ही पोरं ते बसस्टँडवर उभ्या उभ्या करत होती. पुढे कंपनीने आधी गोलमोल शेरे द्यायला सुरुवात केली आणि २०१९मध्ये सरळ पट्ट्या काढून दाखवल्या.

आता आपल्या मातीकडे वळू. प्राण्याच्या आत काय दडलंय हे ओळखायची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. शालिहोत्राच्या नावाने घोड्यांचं शास्त्र चालत आलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, राज्यकाल ११२६ ते ११३८, त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकींचा मोठा भाग आहे. त्यात हत्ती-घोडे आहेतच, पण कोंबड्यांच्या, लाव्यांच्या, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या झुंजीही आहेत. प्राणी निवडायचा, तयार करायचा आणि दुसऱ्याच्या प्राण्याशी भिडवायचा, हा नाद नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या दरबारात होता. नातवाला हे सांगितलं तेव्हा त्याला जरा मान मिळाल्यासारखं वाटलं.

आणि इतकं मागं तरी कशाला जायचं? आपल्या खानदेशातच तापीकाठी सारंगखेडं आहे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तिथे जाणकार माणूस घोड्याचे दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो. आणि मग अंगावरचे भोवरे बघतो! केसांचा भोवरा गळ्यावर कुठे आहे, कपाळावर किती आहेत, चारी पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा आहे का, म्हणजे पंचकल्याणी आहे का. शुभ भोवऱ्याच्या घोड्याला भाव चढतो, अशुभ भोवऱ्याचा घोडा कितीही पळो, गिऱ्हाईक पुढे सरकतं.

इथे न्यायशास्त्र आपल्याला अडवतं. ते म्हणतं, धुरावरून अग्नी ठरवता, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. दातावरून घोड्याचं वय ठरवता, तेही ठीक. दात वयाबरोबर झिजतात. पण भोवऱ्यावरून त्याचा दम कसा ठरवता? चांगला भोवरा आणि वाईट घोडा असं एक जरी उदाहरण सापडलं, तरी तो व्यभिचार, आणि अनुमान पडलं. एकाच जाणकाराच्या एकाच नजरेत पक्कं अनुमान आणि कच्चं अनुमान शेजारी शेजारी नांदतात. त्याला स्वतःला ती वेगळी दिसत नाहीत, ही खरी अडचण.

पुन्हा खेळाकडे येऊ, कारण खरी गंमत पुढे आहे. आम्हाला वाटलं, तिन्ही आकडे पंधरा असलेला प्राणी सर्वांत उत्तम. नातू हसला. "नाही आबा, लढतीत तो मागे पडतो."

का, ते बघा. २०१८च्या डिसेंबरात या खेळात खेळाडूंच्या आपसातल्या लढती सुरू झाल्या. त्यातल्या ग्रेट लीगमध्ये अट अशी, की प्राण्याची एकूण ताकद, म्हणजे सीपी, १५००च्या वर जाता कामा नये. ही ताकद मोजायच्या सूत्रात हल्ल्याचा आकडा जसाच्या तसा धरतात, पण बचाव आणि दम यांचं वर्गमूळ धरतात. म्हणजे हल्ला महाग, बाकीचे दोन स्वस्त. पंधराशेच रुपये खिशात असतील तर शहाणा माणूस महाग वस्तू कमी घेतो.

मेडिचॅम नावाचा एक प्राणी आहे. ध्यान करत बसतो, म्हणून आम्हाला आवडला. पूर्वी प्राण्याची लेव्हल ४०च्या वर जात नसे. तेव्हा १५-१५-१५चा मेडिचॅम पूर्ण वाढवला तरी १४३१पर्यंतच पोचायचा. मग अर्थातच तोच उत्तम. २०२०च्या नोव्हेंबरअखेर कंपनीने ५०व्या लेव्हलपर्यंत वाट मोकळी केली. आता तोच परिपूर्ण प्राणी पूर्ण वाढवला तर १६१८ होतो, लीगमधून बाद. त्याला ४४च्या आतच थांबवावं लागतं. उलट ज्याचा हल्ल्याचा आकडा फक्त ५ आहे आणि बाकी दोन १५, तो ५०व्या लेव्हलला बरोबर १४९९वर बसतो. दोघांची तुलना करा : हल्ला साधारण ११०च्या जागी १०६, पण बचाव १३५च्या जागी १४० आणि आयुष्य १३७च्या जागी १४२. चार दिले आणि दोन्हीकडे पाच-पाच मिळवले.

प्राणी तोच आणि आकडेही तेच, बाहेरचा नियम तेवढा बदलला. आणि काल ज्याला मुलं सोडून देत होती त्याला शोधत फिरू लागली. नैयायिक याला उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. सरपण ओलं असेल तर धूर. तसंच मोठा आकडा म्हणजे मोठा जोर हे खरं, पण वर छत नसेल तर. ती अट आपण बोलून दाखवत नाही, आणि पुढे विसरूनच जातो.

आता तुमच्या गावची गोष्ट. इथली ऑर्डनन्स फॅक्टरी काडतुसं बनवते, तुमच्यापैकी कित्येकांची हयात तिथे गेली. काडतूस वरून सगळं सारखंच. आत चांगलं आहे का हे कळायला ते उडवावं लागतं, आणि उडवलं की ते संपलं. म्हणून एका लॉटमधले थोडे नमुने तपासतात आणि उरलेल्या लॉटबद्दल विश्वास ठरवतात. इथे माणूस प्रामाणिकपणे कबूल करतो, की या एका काडतुसाबद्दल मला खात्री नाही, पूर्ण लॉटबद्दल मी काही सांगू शकतो. खेळात आकडा खरोखर लिहिलेला असतो, कारण तो कोणीतरी लिहून ठेवलाय. काडतुसात तो लॉटपुरता कळतो. घोड्यात पळवल्याशिवाय कळत नाही.

आणि मुलात? १९०५मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी सिमों यांच्यासोबत बुद्धीची चाचणी तयार केली. हेतू एवढाच होता, की शाळेत मागे पडणारी मुलं ओळखावीत आणि त्यांना मदत द्यावी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी रक्कम आहे या समजाला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं, ते मोलाचं काम आहे. पण चाचणी हातात आली की आपण काय करतो? मदतीसाठी काढलेल्या आकड्याचा भोवरा करून टाकतो.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवायची? आम्ही पस्तीस वर्षं शिकवलं. दर जूनमध्ये पहिल्या आठवड्यातच मनात आकडे लिहून व्हायचे : हा चालेल, हा चालणार नाही. एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा, बोलायचा नाही. आम्ही त्याला तीन वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. निरोपाच्या दिवशी त्याने एक वही आणून दिली. आमच्या तीन वर्षांच्या व्याख्यानांवरच्या शंका होत्या, तारखेसकट. त्यातल्या दोघा-तिघांची उत्तरं आम्हाला आजही येत नाहीत. तो पुढे कुठे गेला ते विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

खेळात नको असलेले प्राणी कोणाकडे पाठवतात ठाऊक आहे? एका प्रोफेसराकडे! आणि बदल्यात एक कँडी मिळते. नातवाने हे सांगितल्यावर घरातले सगळे आमच्याकडे बघून हसले. आम्हीही हसलो, पण ती वही आठवली.

नातवाला आम्ही खेळू नको म्हटलं नाही. त्या खेळात कोणी मरत नाही, कोणाच्या पाठीवर चाबूक ओढला जात नाही, आणि वर्गमूळ आपोआप शिकून होतं. फक्त एवढं सांगितलं, की वर्गात शेजारी बसणाऱ्याकडे बघशील तेव्हा तिथे पट्ट्या दिसणार नाहीत. त्याला विचारावं लागेल.

थांबतो. मागच्या रांगेत बसलेल्यांनी आधी प्रश्न विचारावेत, ही विनंती.