धक्का सोडण्यापूर्वीचा प्रवास

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा आमचा मुलूख यंत्रांचा. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील सकाळी डबा घेऊन कारखान्याचा रस्ता धरतात. इतिहासाच्या तासाला मी एकदा मराठ्यांच्या आरमाराची कथा रंगवून सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्यांच्या होड्यांना इंजिने असती तर किती सोपे झाले असते, नाही?"

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला. इंजिनाने होडीला वेग दिला हे खरे. कोठून जायचे, केव्हा निघायचे आणि केव्हा मुळीच निघायचे नाही, हे शहाणपण मात्र त्याने दिले नाही. सुकाणू धरणे नवशिक्यालाही थोड्या दिवसांत जमते. त्यापुढची विद्या धक्का सोडण्यापूर्वीच कामाला लावावी लागते.

आपल्या कोकणातल्या तांडेलाने तिचा पहिला धडा पंचांगातून घेतला. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ साधारण तासांत मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती बाराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. घड्याळ नसलेल्या माणसाने केवढा हिशेब तोंडी ठेवला होता!

हा हिशेब युद्धातही उपयोगी पडतो. मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे कोट बांधायला घेतला. काम मायनाक भंडारी पाहत होता. इंग्रजांनी जहाजांची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण ती वाऱ्याची आणि खोल पाण्याची मिंधी. मराठ्यांचे मचवे उथळ बुडाचे. रात्रीच्या अंधारात, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून, वल्ही मारीत ते बेटावर माणसे आणि दाणागोटा पोचवीत. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवला, तेव्हा इंग्रजांचे 'डोव्ह' हे गुराबही मराठ्यांच्या हाती लागले. कोट पुरा झाला. शत्रू जेथे येऊच शकत नाही ती वाट आधी हेरून ठेवणे, हे त्या विजयाचे एक मर्म.

आता त्याच पाण्यावरची दुसरी कथा. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही बोट रेवसकडे निघाली. वाफेच्या यंत्राची बोट, पल्ला अवघा दीड-दोन तासांचा. पण भर पावसाळा, अमावास्या तोंडावर आणि बोटीत सणाला घरी निघालेल्या माणसांची दाटी. वाटेत लाटांचे पाणी आत आले, भेदरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. बिनतारी यंत्र नसल्याने मुंबईला तासन्‌तास वार्ताही नव्हती. रेवसहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी ती समुद्रात फेकून कित्येकांना आपल्या होड्यांत घेतले. तरीही सहाशेंहून अधिक जीव गेले. रायगड-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली.

ही विद्या आता लेखी झाली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९९ मध्ये तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : आधी सगळी माहिती गोळा करणे, मग धक्क्यापासून धक्क्यापर्यंत मार्ग आखणे, त्याप्रमाणे जाणे, आणि जाताना पदोपदी पडताळणे. २००२ पासून सफरीपूर्वी योजना करण्याच्या बंधनातून लहान बोटीही सुटल्या नाहीत.

आणि वेगवान बोटीला तर ते बंधन हवेच. ताशी २० सागरी मैलांनी धावणारी बोट एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, तीन मिनिटांत ओलांडते. खडक दिसल्यावर विचार करायला सवड कोठली? म्हणून पाण्याचा हिशेब आधीच मांडायचा. भरतीचे बारा भाग केले, तर सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढते. समजा, ओहोटीला खडकावर १ मीटर पाणी आहे आणि एकूण चढ ३.६ मीटर आहे. दोन तासांनी तेथे १.९ मीटर पाणी होईल, तीन तासांनी २.८. बोटीला लाटांची सवड धरून दोन मीटर हवे असतील, तर तिसऱ्या तासापूर्वी तिकडे फिरकू नये. इंधनाचे तीन वाटे करावे : एक जाण्याचा, एक परतीचा, एक संकटाचा. वारा फिरला तर कोणत्या खाडीत शिरायचे, तेही निघण्यापूर्वी ठरवावे. उपग्रहाकडून ठिकाण कळत असले, तरी किनाऱ्यावरच्या खुणांशी ते ताडून पाहावे. खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे, ते उगाच नव्हे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अमावास्या असते. आपण अंगणात पणत्या मांडून निजायला जाऊ, त्या सुमारास सह्याद्रीपलीकडच्या खाड्या उधाणाने काठोकाठ भरत असतील आणि कोणी तांडेल पहाटेच्या ओहोटीचा अंदाज घेत बसला असेल. त्या मुलाचे उत्तर मी आता सुटीनंतर देणार आहे : बाळ, इंजिन असते तर ते लवकर पोचले असते, पण हा हिशेब नसता तर लवकर बुडालेही असते.