प्रयोगशाळा बंगळुरूत, पदवी परगावी

विसाव्या शतकात भारतात विज्ञान-संशोधनाची जी केंद्रे उभी राहिली, त्यांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे स्थान वेगळे आहे. कारण संशोधनासाठीच स्थापन झालेल्या या संस्थेला पहिली जवळपास पन्नास वर्षे स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता. संशोधन तेथे करायचे आणि त्याची पदवी अन्यत्र मिळवायची, ही रीत एवढी रुळली होती की भौतिकशास्त्र आणि गणितातील संशोधकांच्या दोन पिढ्या तिच्यातून घडल्या आणि तिची किंमतही त्यांनाच मोजावी लागली.

जमशेटजी टाटांच्या मूळ कल्पनेत हा अंतर्विरोध नव्हता. त्यांचे सहकारी बर्जोरजी पादशाह यांनी पुढाकार घेऊन तयार केलेला आराखडा संशोधन विद्यापीठाचा होता. १८९८च्या अखेरीस तो नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ठेवला गेला, तेव्हा एवढ्या वरच्या शिक्षणाला पात्र विद्यार्थी मिळतील काय आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना कामे कोठे मिळतील, अशी शंका त्यांनी घेतली. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी पाहणी करून बंगळुरूची शिफारस केली, म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९मध्ये स्थापनेचा आदेश निघाला. मात्र टाटा १९०४मध्येच निवर्तले होते आणि प्रत्यक्षात उभी राहिली ती विद्यापीठ नव्हे, तर संस्था. १९११मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले ते रसायनशास्त्र आणि विद्युत-तंत्रशास्त्र या विषयांना. भौतिकशास्त्र किंवा गणिताचा विभाग तेव्हा नव्हता. संशोधन पूर्ण करणाऱ्याला संस्था ‘असोसिएट’ हा किताब देई. त्याला मान होता, पण तो विद्यापीठाची पदवी नव्हता, म्हणून एम.एस्सी. किंवा डॉक्टरेट हवी असणाऱ्याला आपला प्रबंध मुंबई, मद्रास अशा एखाद्या विद्यापीठाकडे सादर करावा लागे.

१९३३मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन संचालक म्हणून आले आणि त्यांनी भौतिकशास्त्राचा विभाग सुरू केला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. कमलाबाईंनी माघार घेतली नाही, तेव्हा एक वर्ष कामाची पारख करून मगच प्रवेश कायम करण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. प्रथिनांवरील त्यांच्या कामाने ती अट निकालात निघाली आणि पुढे संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही उघडले. तरीही संस्थेतील त्या संशोधनावर १९३६मध्ये मिळालेली एम.एस्सी. मुंबई विद्यापीठाची होती आणि १९३९ची डॉक्टरेट केंब्रिजची.

ज्यांचे काम मान्य झाले पण पदवी हुकली, अशांचे सर्वांत ठळक उदाहरण अण्णा मणी यांचे आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून ऑनर्स पदवी घेऊन त्या १९४०मध्ये शिष्यवृत्तीवर रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांचा अभ्यास हा त्यांचा विषय होता. त्यासाठी स्फटिक द्रवरूप हवेच्या तापमानाला ठेवून त्यातून निघणाऱ्या क्षीण प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींत विभागलेल्या प्रकाशाचा पट्टा, फोटोग्राफिक काचेवर उमटवावा लागे, आणि त्यासाठी कधी पंधरा ते वीस तास लागत. १९४५मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला, तेव्हा एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. पुढे त्या पुण्याच्या हवामान खात्यात दाखल झाल्या आणि भारतीय बनावटीच्या हवामानशास्त्रीय उपकरणांचा पाया त्यांनी घातला, पीएच.डी. मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

याच काळात होमी भाभा संस्थेत विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या अतिऊर्जावान कणांवर, संशोधन करत होते, विक्रम साराभाई रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच विषयाची मोजमापे घेत होते आणि पुढे थोर गणिती ठरलेले हरीश-चंद्र भाभांकडे सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत होते. साराभाई आणि हरीश-चंद्र या दोघांनीही १९४७मध्ये पीएच.डी. घेतली ती केंब्रिजची. भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कामही १९४५मध्ये बंगळुरूतच सुरू झाले आणि त्याच वर्षी ती मुंबईला गेली.

हा गुंता सुटला तो १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने. स्वतंत्र कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेलाही विद्यापीठाचा दर्जा देण्याची तरतूद त्यात होती. अशा संस्थेला अभिमत विद्यापीठ म्हणतात. १९५८मध्ये भारतीय विज्ञान संस्थेला हा दर्जा मिळाला. त्याच सुमारास, १९५६मध्ये, प्रभुलाल भटनागर यांच्या नेतृत्वाखाली उपयोजित गणिताचा विभाग उभा राहिल्याने गणितातील संशोधनालाही तेथे स्वतःचे घर लाभले. १९८२मध्ये सुरू झालेल्या संयुक्त खगोलशास्त्र कार्यक्रमात विद्यार्थ्याने नोंदणी आणि अभ्यासक्रम विज्ञान संस्थेत करायचा आणि संशोधन रामन संशोधन संस्था किंवा भारतीय खगोलभौतिकी संस्था अशा ठिकाणी करायचे, अशी व्यवस्था झाली. प्रयोगशाळा आणि पदवी यांची फारकत येथेही आहे, परंतु ती संस्थांनी परस्परसंमतीने ठरवलेली असून विद्यार्थ्याला तिचा लाभच होतो.

१९९०च्या दशकात रुजलेल्या एकात्मिक पीएच.डी. कार्यक्रमाने बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला एम.एस्सी. आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्या एकाच वाटेने मिळवण्याची सोय केली. ज्या एका पायरीअभावी अण्णा मणी यांचा प्रबंध अडला, ती पायरी आता संशोधनाच्या वाटेवरच बांधलेली आहे. बंगळुरूच्या या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे: संशोधनाची कुवत संस्थेत आधी आली, तिला मान्यता देणारे नियम बऱ्याच उशिराने आले आणि मधल्या काळातील नुकसान संस्थेने नव्हे, तर विद्यार्थ्यांनी सोसले.