वायाकोकोत्ला नभोवाणी केंद्र

मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातील उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशातले एक स्थानिक नभोवाणी केंद्र. ग्रामीण प्रौढांना साक्षर करण्यासाठी १९६५ मध्ये ते ‘नभोवाणी शाळा’ म्हणून लघुतरंगांवर सुरू झाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात जेझुइटांशी संलग्न संस्थेने त्याचे स्वरूप पालटले. पाठांची जागा स्थानिक वार्ता, लोकसंगीत व गावोगावचे निरोप यांनी घेतली. स्पॅनिशबरोबरच नावात्ल, ओतोमी व तेपेवा या मूलनिवासी भाषांनाही तेथे स्थान मिळाले. १९९४ मधील चियापास उठावानंतर सांकेतिक संदेश प्रसारित केल्याच्या संशयामुळे हे केंद्र अडचणीत आले व १९९५ मध्ये शासनाने त्याचे प्रक्षेपण काही काळ बंद पाडले. दीर्घ पाठपुराव्यानंतर २००५ मध्ये त्यास एफएम परवाना मिळाला. आपल्या भाषेत प्रक्षेपण करण्याचा मूलनिवासींचा हक्क या लढ्यामुळे ठळकपणे पुढे आला.