पँथर बरखास्त करायचा अधिकार कुणाचा?

मार्च १९७७ मध्ये राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी मुंबईत जाहीर केलं की दलित पँथर बरखास्त झाली. इतिहासात हे एका ओळीत उरकतात. मी मात्र त्या ओळीपाशी अडकलो. बरखास्त करायचं तर आधी ती संघटना असायला हवी ना? कंपनी बंद करता येते, हाउसिंग सोसायटीही बंद करता येते (करून बघा, चपला झिजतील), कारण त्यांची कुठेतरी नोंद असते. पँथर नक्की काय होती?

थोडं मागे जाऊ. १९७२ साल. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार. परभणीतल्या ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांची विटंबना. रिपब्लिकन पक्ष गटातटांत विखुरलेला. अशा वेळी मुंबईतल्या काही तरुणांनी, त्यातले बरेचसे कवी-लेखक, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. नामदेव ढसाळ, ढाले, पवार ही त्यातली ठळक नावं. त्याच १५ ऑगस्टला 'साधना'त ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला, गदारोळ झाला आणि पँथर हे नाव महाराष्ट्रभर गेलं.

आता गंमत बघा. १९६६ मध्ये ओकलंडला सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पार्टीकडे सुरुवातीपासून अध्यक्ष होता, 'संरक्षणमंत्री' होता, दहा कलमी कार्यक्रम होता. आपल्याकडे नाव आलं, राग आला, पण तितकी घट्ट चौकट काही आली नाही. वस्त्यावस्त्यांत पोरं जमायची, 'छावणी' काढायची आणि झाले पँथर! माझ्या मते पँथरची ताकद इथेच होती. अत्याचाराची बातमी आली की वरून ठराव यायची वाट न बघता माणसं तिथे पोचायची. अर्ज-विनंत्यांत मुरलेल्या पुढाऱ्यांना हे जमणारं नव्हतं.

पण मग त्या नावाने बोलायचं कुणी? १९७३ मध्ये जाहीरनामा आला. त्यात 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया असे सगळे घेतले होते. मला आजही ही व्याख्या मोठी वाटते. ढाल्यांना त्यात कम्युनिस्टांचा हात दिसला, आंबेडकरी विचार बाजूला पडतोय असं वाटलं. मतभेद असायला हरकत नाही, पण तो मिटवायला जागाच नव्हती. ना घटना, ना मतदान, ना सभासदांची यादी. १९७४ मध्ये ढसाळांना काढून टाकलं गेलं, तर ते आपला गट घेऊन पँथरच राहिले. म्हणजे हकालपट्टी झाली, पण कशातून झाली?

सरकारला मात्र असले प्रश्न पडत नाहीत. जानेवारी १९७४, मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक. पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीच्या बीडीडी चाळींत सभेनंतर दंगल पेटली. मग निषेधाच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. सरकारने दंगलीच्या चौकशीसाठी भस्मे आयोग नेमला. लाठी चालवताना, आरोपी ठरवताना पँथर ही चांगली घट्ट संघटना असते. पण छावणीतल्या पोरावर केस पडली तर वकील कुणी द्यायचा, जामीन कुणी भरायचा, आणि नेते भांडले तर त्या पोराने जाब कुठे विचारायचा? ढिल्या बांधणीची किंमत शेवटी तोच मोजतो, मुंबईत पत्रकार परिषद घेणारा नाही. चळवळीला रचना नको, ती उत्स्फूर्तच हवी, असं आपण लांबून कौतुकाने म्हणतो तेव्हा हे विसरतो.

असो. तर १९७७ ची बरखास्ती. ढाले-पवारांचं म्हणणं समजू शकतं. गट पडले, नावाचा वाटेल तसा वापर होऊ लागला, तेव्हा सुरू करणाऱ्यांनीच ते मिटवावं. पण अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे वगैरे मंडळींनी 'भारतीय दलित पँथर' या नावाने काम पुढे चालू ठेवलं. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. मूळ लेखकाने प्रोजेक्ट बंद म्हटलं तरी कोड लोकांच्या मशीनवर असतो, त्याला कोण काय करणार? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात, जो थेट १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत चालला, हे पँथर होतेच.

म्हणून माझं उत्तर असं: १९७२ ते ७४ ची पँथर संघटना नव्हती, कुणीही उचलावं असं ते एक नाव होतं. संघटनेसारखं वागायचा प्रयत्न तिने मुख्यतः दोनदा केला, एकदा काढून टाकताना आणि एकदा बरखास्त होताना. दोन्ही वेळा आदेश निघाला, पण माणसं जागची हलली नाहीत.

आणि हे नाव महाराष्ट्रापुरतंही राहिलं नाही. १९८२ मध्ये मदुराईत मलैचामींनी पँथरची तमिळ शाखा काढली. १९८९ मध्ये ते गेल्यावर थोल. तिरुमावळवन यांनी धुरा घेतली, १९९९ मध्ये निवडणुकीत उतरले. आज त्याचा रीतसर पक्ष आहे, घटना आहे, पदाधिकारी आहेत, २०२४ च्या निवडणुकीत दोन खासदारही निवडून आले. पक्षाचं नाव 'विडुदलै चिरुत्तैगळ कच्ची'. चिरुत्तैगळ म्हणजे बिबटे.