वासुदेव बळवंत आणि कर्जाची वही



चिंचवड म्हटलं की चापेकर बंधू आठवतात, खेड म्हटलं की हुतात्मा राजगुरू. ही नावं आपल्या पोरांनासुद्धा पाठ असतात. पण चापेकरांच्या अठरा वर्षं आधी याच पुणे जिल्ह्यात एका कारकुनाने इंग्रज सरकारविरुद्ध हत्यार उचललं होतं. त्यांचं नाव वासुदेव बळवंत फडके. आज त्यांच्याविषयी बोलायचं, कारण त्यांच्या बंडाचं मूळ भुकेत आणि कर्जात आहे. आणि कर्ज हा तर आपल्या गटाचा दर महिन्याचा विषय.

वासुदेवरावांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोण गावचा. पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत. आई आजारी असल्याचा निरोप आला, पण रजा वेळेवर मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेली होती. ही सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ऐकून आपल्या देशाचा पैसा परदेशात कसा जातो हे त्यांना कळलं. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते तयार झाले. पत्नी गोपिकाबाईंना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं. घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायलाही शिकवलं, असं सांगतात. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे बरं ही!

आता त्या वेळच्या शेतकऱ्याचं बघा. सारा रोख भरायचा, पीक येवो न येवो. हातात रोकड नाही, मग जायचं सावकाराकडे. सावकार कागद करायचा, शेतकरी अंगठा द्यायचा. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं आणि भरलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती. त्यातच अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाला चढलेला भाव १८६५ ला युद्ध संपताच कोसळला. सावकारांनी हात आखडले आणि जमिनी जाऊ लागल्या.

१२ मे १८७५ ला सुपे गावात लोक उठले. हे सुपे म्हणजे आज बारामती तालुक्यात आहे ते. लोकांना सोन्या-नाण्यापेक्षा जास्त हवी होती कर्जखतं. ती हिसकावून घेतली आणि जाळली. गावोगाव हेच झालं. पाठोपाठ १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. वासुदेवरावांनी उपाशी माणसं डोळ्यांनी पाहिली आणि ठरवलं, आता अर्ज-विनंत्या पुरे.

पुण्यातल्या शिकलेल्या लोकांकडून म्हणावी तशी साथ मिळाली नाही. साथ दिली ती रामोशी, कोळी, धनगर, मांग अशा कष्टकरी समाजांतल्या माणसांनी. त्यांच्यात दौलतराव नाईक हा मोठा मोहरा. फेब्रुवारी १८७९ मध्ये लोणीकंदच्या बाजूने निघून त्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. आपल्या चाकण-पाबळ रस्त्याने पुढे गेलं की हा भाग लागतो. सावकाराचा पैसा घ्यायचा, त्यातून माणसं आणि हत्यारं जमवायची आणि सरकारचा खजिना, तारा, रेल्वे यांवर एकाच वेळी घाव घालायचा, असा बेत होता. डोंगरात लपायचं, अचानक यायचं आणि निघून जायचं, हाच जुना गनिमी कावा. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्या डोक्यावर बक्षीस लावलं!

पण बंड टिकलं नाही. मे महिन्यात दौलतरावांनी कोकणात पळस्पे इथे मोठा दरोडा घातला. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि ते मारले गेले. वासुदेवरावांनी स्वतःची हकीकत लिहून ठेवली होती. आपल्या माणसांना देशापेक्षा लुटीच्या वाटणीचीच ओढ जास्त आहे, हे दुःख त्यात त्यांनी लिहिलं आहे. २० जुलै १८७९ ला विजापूरकडच्या देवर नावडगी इथे, आजारी आणि थकलेले असताना, ते पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात त्यांचंच लिखाण त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरलं. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेप, तीही समुद्रापलीकडे एडनला. तिथूनही ते १८८० मध्ये दाराच्या बिजागऱ्या उखडून पळाले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचा अंत झाला. वय होतं अवघं सदतीस.

मग सगळं वाया गेलं का? नाही. ज्या १८७९ साली ते पकडले गेले, त्याच वर्षी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला. सुप्याच्या दंग्याने त्याची निकड सरकारच्या डोक्यात आणली होती. त्यात लिहिलं होतं की शेतकऱ्याने पैसे भरले की पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे आणि मागितलं तर पासबुकही. होय, आपल्या हातात असतं तेच पासबुक! सावकारांनी पळवाटा काढल्याच, कारण मागणारा माणूस निरक्षर होता आणि एकटा होता.

आपण एकट्या नाही आणि अडाणीही नाही. तरी बैठकांमध्ये मी बघते, कंपनीत कामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी मैत्रिणी दर आठवड्याला फायनान्सवाल्याला हप्ता देतात. व्याज किती, मुद्दल किती राहिलं, विचारलं की "ते त्यांनाच माहीत" म्हणतात. मोबाईलवर अंगठा ठेवून मोकळ्या होतात. मग सांगा, सुप्याच्या त्या शेतकऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणून तीन गोष्टी करा. पैसे दिले की पावती घ्या. गटातलं असो वा बाहेरचं, कर्जाची वही दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. आणि सावकार विनापरवाना असेल किंवा हिशेब देत नसेल, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे चार-पाच जणी मिळून अर्ज द्या.

वासुदेवरावांकडे धाडस होतं, पण शेवटपर्यंत एकजुटीने राहणारी माणसं मिळाली नाहीत. एकजूट आपल्याकडे दर महिन्याला सतरंजीवर बसलेली असते. तिने वही उघडायची तेवढी बाकी आहे.