ब्लोअर-वेगनियंत्रण

ब्लोअर-वेगनियंत्रण : तापन व वातानुकूलन यंत्रणेत हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, म्हणजे ब्लोअरचा, वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करण्याची पद्धत. फर्नेस हवा तापवते आणि गार कॉइल ती थंड करते, पण खोलीत ऊब किंवा गारवा पोचवण्याचे काम ब्लोअरचे असते. त्यामुळे त्याचा वेग चुकला तर चांगली यंत्रणाही वाईट ठरते. हे नियंत्रण सोपे करायचे म्हणजे वेगाचे टप्पे वाढवायचे नसतात. प्रत्येक टप्प्याला एक नेमके काम नेमून द्यायचे असते.

हवेचे प्रमाण : थंडाव्यासाठी दर टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा कॉइलवरून जावी, असा रूढ हिशेब आहे. (१ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता काढून घेण्याची क्षमता.) म्हणजे ३ टनांच्या यंत्राला १,२०० घनफूट हवा लागते. दमट हवामानात हे प्रमाण ३५०पर्यंत उतरवतात. हवा सावकाश गेली की कॉइल अधिक गार राहते आणि हवेतले बाष्प जास्त गळते. मुंबईच्या किंवा कोकणाच्या हवेत खोली थंड होऊनही चिकचिक जात नसेल, तर अनेकदा ब्लोअर गरजेपेक्षा जोरात फिरत असतो. वेग फारच उतरवला, तर मात्र कॉइलवर बर्फ धरतो. तापनाचा हिशेब निराळा असतो. फर्नेसमधून जाताना हवेचे तापमान किती वाढावे, याची मर्यादा तिच्या पाटीवर छापलेली असते. हवा कमी पडली की आतला उष्णता-विनिमयक प्रमाणाबाहेर तापतो आणि जास्त झाली की झरोक्यातून कोमट झुळूक येते. एकाच ब्लोअरकडून ही दोन कामे घ्यायची असल्याने त्याला निदान दोन वेग लागतात.

पंख्याचे नियम : हवा नेणारा डक्ट तोच असेल, तर हवेचे प्रमाण वेगाच्या पटीत, दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती सुमारे ५१ टक्के लागते आणि निम्म्यावर आणला की फक्त एक-अष्टमांश. मोटरची व नियंत्रकाची गळती धरली, तर प्रत्यक्ष बचत यापेक्षा कमी भरते. तरीही पंखा पूर्ण वेगाने फिरवून झडपेने हवा अडवण्यापेक्षा वेग उतरवणे कितीतरी स्वस्त पडते.

टॅपची मोटर : अमेरिका व कॅनडातील अनेक घरांत तळघरातली फर्नेस आणि तिच्यावर बसवलेली गार कॉइल मिळून एकच ब्लोअर वापरतात. अनेक दशके त्यात कायम कपॅसिटर जोडलेली एककला प्रवर्तन मोटर असे. तिच्या वाइंडिंगमधून वेगवेगळ्या ठिकाणी तारा बाहेर काढतात. त्यांना टॅप म्हणतात. सहसा काळी तार सर्वांत जास्त वेगाची, निळी मधल्या आणि तांबडी कमी वेगाची असते. पण रंगांची प्रथा उत्पादकागणिक बदलते, म्हणून मोटरवरचा नकाशा पाहूनच जोडणी करतात. विदर्भातल्या कूलरच्या बटणावर दिसणारे तीन वेगही बहुधा अशाच टॅपांतून येतात.

टॅप बदलल्याने चुंबकीय क्षेत्राचा वेग बदलत नाही. ६० हर्ट्झवर सहा ध्रुवांच्या मोटरचे क्षेत्र मिनिटाला १,२०० फेरेच घेते. जादा वेटोळी मध्ये आली की क्षेत्र दुबळे होते आणि भाराखाली रोटर अधिक मागे पडतो. म्हणून ब्लोअरचे चाक काढून मोटर नुसतीच फिरवली, तर सगळे टॅप जवळजवळ सारख्याच वेगाचे वाटतात. आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. फिल्टर तुंबला की अशी मोटर जास्त नव्हे, कमी करंट घेते. हवाच कमी ढकलली जात असल्याने तिच्यावरचा भार उतरतो आणि ती उलट थोडी जोरात फिरते.

एका रिलेची जोडणी : दोन टॅपांना एकाच वेळी वीज मिळाली की वाइंडिंग जळते. म्हणून दोन वेगांसाठी दोन सुटी बटणे देणे धोक्याचे असते. यावरचा साधा उपाय म्हणजे दोन बाजूंना पडणारी एकच रिले. मधल्या टोकाला वीज येते. रिले सुटलेली असताना ती तापनाच्या कमी वेगाच्या टॅपला जाते आणि थर्मोस्टॅटने थंडावा मागून २४ व्होल्टने रिले ओढली की जास्त वेगाच्या टॅपला. रिलेचा पत्रा एका वेळी एकाच बाजूला टेकत असल्याने दोन्ही टॅप एकत्र येऊच शकत नाहीत. न वापरलेले टॅप मोकळे सोडायचे नसतात. वाइंडिंग स्वयंरोहित्रासारखे वागते, त्यामुळे त्यांच्यावर पुरवठ्याहूनही जास्त विद्युतदाब असू शकतो. प्रत्येक टोक वेगळे टोपण लावून बंद करतात. पुढे रिलेची जागा इलेक्ट्रॉनिक बोर्डाने घेतली आणि त्यात वेळेचे गणितही आले. ज्योत पेटल्यावर ब्लोअर थोडा थांबून सुरू होतो, म्हणून अंगावर गार हवा येत नाही. ज्योत विझल्यावर तो दीड-दोन मिनिटे चालू राहतो आणि उरलेली ऊब खोलीत आणतो.

मोटारगाडीतला रेझिस्टर : गाडीतल्या १२ व्होल्टच्या मोटरचा वेग उतरवण्याची जुनी रीत म्हणजे तिच्या वाटेत रेझिस्टर घालणे. मोटरला ६ व्होल्ट मिळून ८ अँपिअर करंट वाहत असेल, तर उरलेल्या ६ व्होल्टमुळे ४८ वॉट रेझिस्टरमध्ये निव्वळ उष्णता होऊन जातात. म्हणूनच तो ब्लोअरच्याच हवेच्या वाटेत बसवतात. सर्वांत वरच्या वेगाला वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरला मिळते. त्यामुळे रेझिस्टर उडाला की १, २, ३ हे वेग बंद पडतात आणि फक्त ४ चालतो. गॅरेजमध्ये या एका लक्षणावरून दोष ओळखतात. मात्र नवा रेझिस्टरही लवकरच उडाला, तर मोटर जड फिरून जादा करंट घेत आहे का, हे तपासावे लागते. नव्या गाड्यांत ट्रान्झिस्टर सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा वीज जोडतो-तोडतो. जोडलेल्या काळाचे प्रमाण बदलले की वेग बदलतो आणि उष्णता फारशी वाया जात नाही.

इलेक्ट्रॉनिक दिक्परिवर्तक मोटर : जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९८०च्या दशकात घरगुती ब्लोअरसाठी ही मोटर आणली. भारतात बीएलडीसी या नावाने विकल्या जाणाऱ्या छतपंख्यांची मोटर याच जातीची. तिच्या रोटरमध्ये कायम चुंबक असतात आणि कोणत्या गुंडाळीला कधी वीज द्यायची हे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवते. कमी वेगातही तिची कार्यक्षमता बरीच टिकते आणि साध्या मोटरची नेमकी तिथेच घसरते. तिचे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिला ठरावीक पीळ (टॉर्क) राखतो. त्यात टॅप असतात, पण त्यांवर मुख्य वीज नसून २४ व्होल्टचा संदेश असतो. दुसरा हवेचे ठरावीक प्रमाण राखतो आणि डक्टमधला रोध वाढला की आपणहून वेग वाढवतो. अमेरिकेत ३ जुलै २०१९ पासून फर्नेसमधील ब्लोअरच्या वीजवापराला नियमाने मर्यादा आली आणि तिथल्या नव्या फर्नेसमधून टॅपची साधी मोटर बरीचशी मागे पडली. मोठ्या इमारतींतील त्रिकला मोटरांसाठी वारंवारता बदलणारा ड्राइव्ह वापरतात. तिथे ५० हर्ट्झवरून ४० हर्ट्झवर आले की वेग ८० टक्के होतो.

मर्यादा : वेग बरोबर आहे की नाही, हे बटणावरच्या आकड्यावरून नव्हे, तापमापकावरून कळते. थंडाव्यात कॉइलच्या आधीच्या व नंतरच्या हवेत साधारण ९ ते १२ अंश सेल्सिअस फरक अपेक्षित असतो आणि तापनात पाटीवर छापलेल्या मर्यादेइतका. साध्या मोटरच्या काळात फिल्टर तुंबला की झरोक्यातली हवा मंदावून घरच्यांना ते कळत असे. हवेचे प्रमाण राखणारी मोटर ती उणीव बराच काळ स्वतः भरून काढते. हवा पूर्वीइतकीच येत राहते, ब्लोअरचा आवाज मात्र चढतो आणि विजेचे बिल वाढते. वेग निवडण्याचे काम मोटरने घेतले, तरी फिल्टर उघडून पाहणे घरच्यांकडेच राहते.